दगडावर ठेवलेले हात

सोलापुरात आमच्या घराच्या भिंतीला लागूनच महादेवाचं एक लहानसं देऊळ होतं आणि माझे वडील तिथले गुरव होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. देऊळ काही नामांकित नव्हतं. पण आमच्याकडे एक दगड होता, आणि त्या दगडापायी सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आत चार-पाच माणसं पायरीवर येऊन बसलेली असायची.

दगड काळाभोर, गुळगुळीत, चांगल्या मोठ्या भोपळ्याएवढा. सभामंडपात एका खोलगट शिळेवर तो ठेवलेला असे. ज्याला काही ठरवायचं असेल त्यानं दगडासमोर उकिडवं बसायचं, दोन्ही तळवे त्यावर टेकायचे आणि डोळे मिटायचे. शेजारी उभं राहून आप्पा त्याच्या वतीनं महादेवाला प्रश्न विचारायचे. दगड उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे फिरला तर नाही, आणि जागचा हललाच नाही तर थांब, अजून वेळ आली नाही. बसणारा वेगळा आणि विचारणारा वेगळा, हा त्यातला नेम. स्वतःचा प्रश्न स्वतः विचारून चालत नसे.

काय काय विचारायची माणसं! विहीर कुठं खणायची, म्हैस विकायची का ठेवायची, धाकट्याला मागावर बसवायचा का गिरणीत लावायचा. मागवाल्यांच्या घरच्या बायका आपसांत तेलुगूत भांडत यायच्या आणि दगडापुढे आल्यावर मराठीत गप्प व्हायच्या. आणि सगळ्यांत जास्त यायची ती लग्नं जुळवणारी माणसं. एखाद्या स्थळाला नकार द्यायचा तर तोंडावर कसा द्यायचा? नातं तुटतं, जन्माचं वाकडं येतं. मग आमच्याकडे यायचं, कौल लावायचा, आणि तिकडे निरोप धाडायचा, "आमच्या मनात लई होतं हो, पन देवानं डावी दिली." देवावर कोण रागावणार? समोरचेही हात जोडायचे आणि दुसरी मुलगी बघायला लागायचे.

मला लहानपणी हे फारच थोर वाटायचं. दगड फिरला की देवानं मान हलवली, असं मी समजायची.

आप्पा या सगळ्यात मुरलेले. इतके मुरलेले, की गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी स्वतः म्हणून काही ठरवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. घराचं कौलारू छप्पर शाकारायचं झालं तरी आधी दगड. आई म्हणायची, "ह्यांनी माज्या लुगड्याचा रंगबी देवाला इचारून आणलाय." आईला दगडाचा राग होता असं नाही, पण भाकरी थापता थापता ती आम्हां दोघांवर असे टोमणे मारायची आणि स्वतःचे सगळे निर्णय त्याच परातीत मळून टाकायची.

तीस सालानंतरचे ते दिवस. मी सोळा वर्षांची होते आणि मराठी सातवीची फायनल पास झाले होते. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई एका शनिवारी चक्क आमच्या घरी आल्या. हातात एक लांबट फॉर्म. घोंगडीवर बसल्या, आईनं दिलेलं गूळपाणी घेतलं आणि आप्पांना म्हणाल्या, "पुण्याला बायकांसाठी ट्रेनिंग कॉलेज आहे. दोन वर्षं. राहायची सोय आहे, शिष्यवृत्तीसुद्धा मिळेल. मुलगी हुशार आहे, परत आली की मास्तरीण होईल. वडिलांची सही तेवढी हवी. येत्या शुक्रवारच्या टपालानं कागद गेला पाहिजे, त्याच्यापुढे एक दिवसही चालायचा नाही."

आप्पांनी फॉर्म दोन्ही हातांत धरला, देवाचा प्रसाद धरावा तसा. म्हणाले, "देवाला इचारून सांगतो, बाई."

मी दाराआड उभी होते. माझे कान इतके तापले होते, की त्यावर भाकरी भाजली असती. पुणे! पुस्तकांच्या कपाटांच्या खोल्या, सोळा-सतरा मुली एकाच दालनात, हातात खडू आणि समोर पोरांचा घोळका! त्या दुपारी मी भरलेल्या दोन घागरी मोरीत ओतल्या आणि पुन्हा आडावर जाऊन भरून आणल्या, कारण एका जागी बसणं मला शक्यच नव्हतं. 

त्याच आठवड्यात दुसरंही एक लफडं होऊन बसलं होतं. वेळापूरचं एक स्थळ आलं होतं. तेही गुरवाचंच घर, माणसं चांगली, मुलगा सरळ. मुलाचे काका पुढच्या रविवारी उत्तर न्यायला यायचे होते. म्हणजे शुक्रवारी एक उत्तर आणि रविवारी दुसरं. एक होय म्हटलं की दुसरं आपोआप नाही होणार, हे मला कळत होतं, आईला कळत होतं आणि आप्पांना तर कळतच होतं.

माझी पक्की समजूत होती की आप्पांना वेळापूर हवं आहे. कुठल्या गुरवाला नको असेल? मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडणं करायला सुरुवात केली. काय काय सुनावलं मी त्यांना, मनातल्या मनात! त्यातलं एक वाक्यही तोंडातून बाहेर आलं असतं तर पाठ मऊ झाली असती.

बाई येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी महादेवाची पूजा आटोपून आप्पा स्वतः दगडापुढे बसले. आता विचारणार कोण? आईला हाक मारली तर आतून आवाज आला, "मला चुलीवर कालवण हाय. तुमच्या दगडाला माजा नमस्कार." शेवटी आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जिच्या जन्माचा सवाल होता तीच, त्यांच्या शेजारी हात जोडून उभी राहिले आणि विचारलं, "म्हादेवा, हिला पुण्याला धाडावं का? हुकूम दे."

"हिला" म्हणताना मला हसू फुटत होतं. 

दगड हलला नाही.

पुन्हा विचारलं. हलला नाही. एका दिवसात तिसऱ्यांदा विचारायचा नेम नव्हता. आप्पा उठले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "थांब म्हणतोय."

थांब? शुक्रवारचं टपाल थांबणार होतं का? मला असा संताप आला म्हणून सांगू! मग तो संताप मी दगडावर काढायचं ठरवलं. वर्षानुवर्षं त्यावर दूध, हळद, कुंकू, तेल पडत होतं, खालच्या शिळेत त्याचं घट्ट पुट बसलं होतं. मला वाटलं, देवाचा काही दोष नाही, दगडच अडकलाय. दुपारी देऊळ बंद असताना मी शिकेकाईचं पाणी, राख आणि काथ्या घेऊन बसले. दगड कडेला घरंगळवला, तेव्हा कमरेत अशी उसण भरली की डोळ्यापुढे काजवे चमकले. खालची शिळा खरवडून खरवडून आरशासारखी केली. आणि शेवटी आईच्या बुधल्यातलं पळीभर करडईचं तेल त्या खोलगटात ओतून दगड पुन्हा जागेवर बसवला. बोट लावलं तर लोण्यावर ठेवल्यासारखा डुलला. मी टाळ्या वाजवल्या, एकटीच.

दुसऱ्या दिवशी सोमवार, महादेवाचा वार. त्या दिवशी मैंदर्गीचा एक किराणा दुकानदार आला. तीन वर्षं दर महिन्याला यायचा, आणि प्रश्न एकच, दुकान मैंदर्गीहून सोलापूरला, सात रस्त्याच्या बाजूला आणावं का. बायको मागे लागली होती. दर महिन्याला दगड डावीकडे फिरायचा, दुकानदार सुस्कारा सोडायचा, बायकोला देवाचा निरोप सांगायला मोकळा व्हायचा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बायकोच्या आग्रहानं हजर. त्या सोमवारीही बसला, आप्पांनी प्रश्न विचारला, आणि दगड असा गर्रकन डावीकडे फिरला, की गडी त्याच्याबरोबर आडवाच झाला. मला वाटलं, आता घाबरेल. छे! उठला तो तोंडभर हसत.

"देवरु आज लई खणखणीत बोलला बघ यव्वा!" तो मला आपल्या कानडी वळणानं म्हणाला. "आता घरी कुनी तोंड उघडायचं काम न्हाई. मैंदर्गी म्हंजे मैंदर्गी!"

इतका आनंद! मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याच्या मागून एक विणकरीण आली. बहिणीकडे तुळजापूरला जाऊन राहावं का, असा तिचा प्रश्न होता. तिनं हात टेकवले, आणि आप्पांनी "म्हादेवा" एवढंच म्हटलं होतं तर दगड उजवीकडे फिरून मोकळा. प्रश्न अजून आप्पांच्या तोंडातच होता. बाई मात्र पदर सावरून उठली, जणू गाठोडं बांधायला उशीर होत होता.

माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. त्या दुपारी मी दार लोटून घेतलं आणि दगडापुढे बसले. विचारणारं कुणी नव्हतंच. तळवे टेकवले, हात अगदी सैल सोडले, शपथेवर सांगते, अगदी सैल. आणि दगड आपला उजवीकडे निघाला! सावकाश, आरामात, अंगणात फेरफटका मारल्यासारखा. मी हात काढले, तो थांबला. ठेवले, निघाला.

मी तिथेच फरशीवर बसून तोंडावर पदर धरून हसले. वाईट नाही वाटलं. देवावरचा विश्वास वगैरे गेला म्हणावं तर तेही नाही. उलट एवढी मौज वाटली, की वर्षानुवर्षं गावभरची माणसं पायरीवर रांग लावून आपलं स्वतःचंच म्हणणं ऐकायला येतात आणि ऐकलं की कसली खूश होऊन जातात! प्रश्न त्यांना पडलेलाच नसतो. उत्तर तयार असतं, फक्त ते आपलं म्हणायचा धीर नसतो. पुढे चाळीस वर्षं मी शाळेत शिकवलं, मुलांच्या आईबापांना "बघू, विचारून सांगतो" म्हणताना हजारदा ऐकलं, आणि दर वेळी मला ते हात आठवले.

मंगळवारी आप्पा पुन्हा बसले. मी विचारलं. आता मला भीती नव्हती, कारण दगड फिरणारच होता. डावीकडे फिरला असता तरी आप्पांचं मन कळलं असतं आणि भांडायला समोर काहीतरी ठोस आलं असतं.

दगड हलला नाही.

मी चक्रावले. नुसतं फूल पडलं तरी डुलणारा दगड! बुधवारीही तेच. तळवे टेकलेले, डोळे मिटलेले आणि दगड ढिम्म. आप्पा म्हणाले, "थांब म्हणतोय," आणि उपरण्यानं तोंड पुसलं. तोंडावर घाम होता. उन्हाळा नव्हता, श्रम नव्हते, मग घाम कसला? तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. फॉर्म देव्हाऱ्यातल्या कोनाड्यात ठेवलेला होता आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघत होते. आई म्हणाली, "त्याला नजर लागंल."

गुरुवारी सकाळी मी प्रश्न विचारलाच नाही. आप्पांनी हात टेकवले, डोळे मिटले, आणि मी खाली वाकून त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मनगटावरच्या शिरा फुगून वर आल्या होत्या. भरलेल्या गाडीचं चाक उतारावर धरून ठेवावं, तसे ते दोन हात.

"इचार की," आप्पा म्हणाले.

"आप्पा, दगड जड न्हाय," मी म्हणाले. "मी रविवारी धुतला. खाली करडईचं तेल घातलंय. वाऱ्यानंबी फिरंल."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"तुमी धरून ठेवलाय त्यो."

एवढं बोलून मी एक पाऊल मागे सरकले, कारण आता गालावर बसणार याची मला खात्री होती. गुरवाला त्याच्या देवळात, त्याच्या दगडापुढे, त्याच्या पोटच्या पोरीनं असं म्हणायचं! पण हात दगडावरून निघालेच नाहीत. 

"सोडला तर फिरंल की," ते हळूच म्हणाले.

"कुणीकडं?"

"उजवीकडं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "मग सोडा की आप्पा!"

"मग तू जाशील न्हवं."

पाच दिवस मी ज्या माणसाशी मनात भांडत होते, तो माणूस समोर नव्हताच. वेळापूर त्यांच्या मनात एक दिवसही नव्हतं. शनिवारी मोठ्या बाईंनी फॉर्म दिला तेव्हाच त्यांचं ठरलं होतं, आणि ते ठरलेलं दोन हातांनी दाबून ते रोज सकाळी बसत होते. मला रडू आलं, आणि त्याच वेळी असा आनंद झाला की उडी मारावी. मी दोन्ही केलं. आप्पांनी दगडावरून हात उचलले. दगड होता तिथेच राहिला. त्याला काय पडलं होतं?

"आण तो कागद," आप्पा म्हणाले.

सही त्यांनी मोडीत केली, सावकाश, प्रत्येक फाटा नीट ओढून. बोटांना पूजेचं भस्म लागलेलं होतं, त्याचा पुसट ठसा फॉर्मच्या कोपऱ्यात उमटला. मी तो कागद घेऊन जी पळत सुटले ती मोठ्या बाईंच्या दारातच थांबले. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही, श्वास गळ्यात. बाईंनी चष्मा लावला, सही पाहिली, भस्म पाहिलं, आणि मला आधी पाणी प्यायला लावलं. घरी आले तेव्हा आई आप्पांना विचारत होती, "सही केली? देवाला न इचारता? सवताच्या हातानं?" आणि असं तीन-चारदा विचारून झाल्यावर तिनं त्या दिवशी गुरुवारचा उपास असून शिरा केला, आणि कुणासाठी ते सांगितलं नाही.

पण रविवार अजून यायचाच होता.

वेळापूरचे काका सकाळीच आले. पांढराशुभ्र फेटा, बोलणं गोड, देवळात नमस्कार करूनच आमच्या ओसरीवर बसले. मी आतल्या दाराआड, आई माझ्या शेजारी. चहा झाला, पिकापाण्याचं झालं, मग ते मुद्द्यावर आले.

"मग? देवानं काय सांगितलं?"

आप्पांनी पानाचं तबक पुढे केलं. काका समजूतदार माणूस. त्यांनीच वाट करून दिली. "डावी दिली आसंल तर तसं मोकळ्या मनानं सांगा. आमाला राग न्हाय. देवाच्या फुडं कुनाचं काय चालतंय?"

किती सोपं होतं! एक शब्द बोलायचा होता. सगळं गाव बोलायचं तो, आणि आप्पांनी स्वतः हजारो लोकांना तो बोलायला दिला होता. आईनं तर दाराच्या फटीतून डावा हात वर करून दाखवला, म्हणा, म्हणा म्हणून. आप्पांनी तो पाहिला. 

"देवाला इचारलं न्हाय," आप्पा म्हणाले.

"म्हंजे?"

"पोरीला शिकायचं हाय. मी तिला पुण्याला धाडतोय. मी ठरवलंय."

काकांचा चेहरा पडला. देवाचा नकार त्यांनी हसत घेतला असता. माणसाचा नकार कसा घ्यायचा याची त्यांना सवय नव्हती. "गुरवाच्या घरात, कौल न लावता?" एवढंच ते म्हणाले, पुढे केलेल्या पानाला हातही न लावता उठले, आणि पायरी उतरून चालू लागले. पुढे कितीतरी वर्षं त्या घराशी आमचं बोलणं नव्हतं.

मी धावत ओसरीवर आले. आप्पा तिथेच बसून होते. पानाचं तबक त्यांनी मांडीवर ओढून घेतलं होतं आणि ते तबक खडखड वाजत होतं, इतके त्यांचे हात कापत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा आडात उडी मारून वर आलेल्या माणसाचं असतं, तसं तोंड झालं होतं.

"लई भ्या वाटलं गं," आप्पा म्हणाले. "पन बोललो की न्हाय?"